बारा शब्दांची चिठ्ठी आणि बाकीच्या किल्ल्या: अनुभव लिहा

पिंपळपान

जुन्या फायली उपसताना आज एक चिठ्ठी हाताला लागली आणि सगळं पुन्हा आठवलं. बिटकॉइन वॉलेटचे बारा शब्द, म्हणजे पैशांची किल्लीच, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले. पाकिटानेच घात केला, शाई प्लास्टिकला लागली. सातव्या शब्दाचं शेवटचं अक्षर गेलं. 'कार्ड' असेल नाहीतर 'कार्ट'. पंचाईत अशी की वॉलेटचे शब्द ज्या ठरावीक यादीतून येतात तिच्यात दोन्ही आहेत.

उत्तर लगेच मिळालं. ते का मिळालं, हे सांगण्यासारखं आहे. यादीत २०४८ इंग्रजी शब्द. एकेक शब्द म्हणजे ११ बिट (शून्य-एकचे अंक), बारांचे मिळून १३२. त्यातले १२८ किल्लीचे, उरलेले ४ पडताळणीचे. त्यामुळे एखादा शब्द चुकला तर सोळातल्या साधारण पंधरा वेळा वॉलेट तिथल्या तिथे अडवतं. सोळातून एखाद्या वेळी चुकीचा शब्दही खपतो आणि रिकामं वॉलेट उघडतं. माणूस धसका घेतो की पैसे गेले. पैसे जागेवर असतात, आपण शेजारचं दार उघडलेलं असतं.

एक शब्द पूर्ण गेला आणि त्याची जागा माहीत असेल तर २०४८ शब्द लावून बघायचे, त्यातले १२८ च्या आसपास पडताळणीत टिकतात. दोन गेले तर जवळपास ४२ लाख जोड्या, घरचा कॉम्प्युटर हे करतो. शब्द सगळे आहेत पण क्रम विसरला, तर ४७ कोटी ९० लाख क्रम होतात आणि त्यातले ३ कोटींच्या आसपास टिकतात. हेही जमतं, वेळ लागतो. चार शब्द गेले की मात्र घरच्या कॉम्प्युटरचं काम नाही. हे सगळं नेट बंद केलेल्या मशीनवर करायचं. 'शब्द इथे टाका, आम्ही शोधून देतो' म्हणणाऱ्या साइटवर एकही शब्द टाकायचा नाही.

धागा नाण्यांपुरता नको. पासवर्ड, चॅटचा बॅकअप, ओटीपीचं ॲप, फोनचं लॉक, जिथे किल्ली आपल्याच हातात आहे तिथे नेमकं काय बिघडतं आणि ते कसं टाळायचं, लिहा.

गवतफुला

चांगला धागा काढलात दादा. वाचनखूण साठवली. कपडे वाळत घालून येते, मग चॅटच्या बॅकअपबद्दल लिहिते. तिथे फार जणांचं दार सताड उघडं असतं.

लोखंडी पाटी

पाकीट नको, लॅमिनेशनही नको. लॅमिनेशनची कड सुटली की पाणी आत शिरतं आणि आतच राहतं. थर्मल कागद असेल तर लॅमिनेशनच्या उष्णतेनेच काळा पडतो. कागदच हवा असेल तर पेन्सिलीने लिहा. ग्रॅफाइट पाण्यात पसरत नाही, उजेडाने उडत नाही.

त्याहून चांगली स्टेनलेस स्टीलची पट्टी. ३०४ ग्रेड, २ मिमी जाड, सेंटर पंच आणि हातोडा, बस्. शब्दाची पहिली चार अक्षरं ठोकली तरी पुरतात, कारण यादीतल्या कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. तीन अक्षरी शब्द असेल तर चौथ्या जागी आडवी रेघ मारा, म्हणजे पुढे अक्षर राहून गेलं की काय ही शंका येत नाही. पट्टी लोखंडी ठोकळ्यावर ठेवा आणि एका टिंबाला एकच घाव, पण पूर्ण ताकदीचा. हलके चार घाव घातले की पंच सरकतो आणि टिंबाची दोन टिंबं होतात. ॲल्युमिनियम ठोकायला मऊ, पण ६६० अंशांना वितळतं, आणि घराला आग लागली तर तापमान त्याच्या पुढे जाऊ शकतं. स्टेनलेस १४०० च्या आसपास टिकतं.

आणि शब्दांना क्रमांक घाला हो! दोन रकान्यांत लिहिलेले बारा शब्द आडवे वाचायचे की उभे, हे पाच वर्षांनी कुणालाही सांगता येत नाही.

सुटं पान

पाटी, रकान्यांचं अगदी खरं आहे.

त्यात एक भर. शब्द देवनागरीत लिहून ठेवले म्हणजे चोराला कळणार नाहीत, असं बरेच जण करतात. करू नका. 'राइट' लिहिलंत, पण यादीत 'उजवा' अर्थाचा राइट आहे आणि 'लिहिणे' अर्थाचाही आहे. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम की वाया घालवणं? तेही दोन्ही आहेत. 'विंग' आणि 'विंक' घाईच्या अक्षरात एकसारखेच दिसतात. अशा प्रत्येक शब्दागणिक शक्यता दुप्पट होतात. चोराला त्या सोडवायला मिनिटं लागतील. अडतील ती घरची माणसं.

शेवंती

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर पासवर्डचं लिहिते. देवनागरी पासवर्ड दिसायला मजबूत, पण 'दुसऱ्या' हा एक शब्द घ्या. तो तीन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यावर साधा र आणि त्याखाली नुक्ता, तिसऱ्यावर र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही हुबेहूब. पासवर्ड तपासला जातो तो आतल्या आकड्यांवरून, आणि ते तिन्हींत वेगळे. काही ठिकाणी पहिले दोन प्रकार एक करून घेतात, तिसरा तरीही वेगळाच राहतो. फोन बदलला, कीबोर्ड बदलला, की 'पासवर्ड चुकीचा'. शिवाय पूर्ण डिस्क कुलूपबंद केलेला लॅपटॉप सुरू होताना जो पासवर्ड विचारतो, त्या पडद्यावर देवनागरी कीबोर्ड सहसा नसतोच.

मराठी शब्द रोमन लिपीत लिहून वापरा, ते चांगलं. पण शब्द मनाने निवडू नका. मन ओळीच निवडतं, गाण्याच्या नाहीतर श्लोकाच्या, आणि त्या ओळी फोडणाऱ्यांच्या याद्यांमध्ये असतात. फासे टाका. डाइसवेअरच्या यादीत ७७७६ शब्द आहेत, पाच फाशांच्या सगळ्या शक्यता. तिथले सहा शब्द म्हणजे सुमारे ७७ बिट. स्वतःची मराठी यादी करायची तर चार फाशांची करा, १२९६ शब्द, एका बैठकीत होते. यादी लहान म्हणून शब्द जास्त घ्यायचे, आठ घेतले की ८२ च्या पुढे जाता. एवढा पासवर्ड दोनच ठिकाणी लागतो, पासवर्ड मॅनेजर आणि डिस्क. बाकीचे मॅनेजरला बनवू द्या, वीस अक्षरांचे, तुम्हाला पाठ नसलेले.

रानवारा

शेवंतीताई, मस्त माहिती. मग दर तीन महिन्यांनी बदलायचा का हा पासवर्ड?

शेवंती

नाही रे. बदलायला लावलं की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं स्पष्ट लिहिलं आहे. फुटल्याची शंका आली की लगेच बदलायचा. फुटलाय का हे बघायला 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट आहे, २०१३ पासून. तिथे पासवर्ड तपासताना तो आहे तसा जात नाही. त्याच्या हॅशची (पासवर्डपासून गणिताने काढलेल्या ठशाची) पहिली पाच अक्षरं जातात, त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे सगळे हॅश परत येतात आणि जुळवाजुळव तुमच्याच मशीनवर होते.

सतरंजी

बारा शब्द सहा-सहा करून दोन घरी ठेवले तर? एक चोरीला गेलं तरी अर्धंच जाईल.

उंबरठा

सतरंजी, तसं वाटतं खरं, पण ताकद अर्धी होत नाही, कोसळते. सहा शब्द माहीत असलेल्याला उरतात ६६ बिट, त्यातले पडताळणीचे ४ वजा, म्हणजे ६२. १२८ वरून ६२. आणि दोन घरांपैकी एकही घर जळालं तर तुमचं सगळं गेलं. म्हणजे चोरीचा धोका थोडा कमी करायला हरवण्याचा धोका दुप्पट केला.

वाटायचंच असेल तर शमिर या संकेतशास्त्रज्ञाच्या पद्धतीची वाटणी आहे. त्यात २० किंवा ३३ शब्दांचे भाग निघतात, त्यांची यादी वेगळी आहे, १०२४ शब्दांची. तीन भागांतले कुठलेही दोन आले की किल्ली उभी राहते, एकट्या भागातून काहीच कळत नाही. नाहीतर तीनातल्या दोन सह्यांचं वॉलेट करा. त्यात एक खड्डा आहे, मोठा. तीनपैकी एक किल्ली हरवली तर 'दोन आहेत ना' म्हणून लोक निश्चिंत असतात, पण पत्ते (वॉलेटचे खातेक्रमांकच जणू) तयार व्हायला तिन्ही किल्ल्यांचे सार्वजनिक भाग, म्हणजे एक्सपब, लागतात. दोन सीड (किल्लीचे ते बारा शब्द) हातात आणि तिसऱ्याचा एक्सपब नाही, तर पैसे कुठे आहेत हेच वॉलेटला सापडत नाही. म्हणून प्रत्येक पट्टीसोबत वॉलेटच्या मांडणीची पूर्ण फाइल ठेवा. त्या फाइलमधून कुणी पैसे नेऊ शकत नाही, पण सगळा व्यवहार बघू शकतो. त्यामुळे तीही उघड्यावर नको.

मोरपीस

तेरावा शब्द म्हणतात तो या २०४८ मधलाच का?

उंबरठा

नाही. बारा शब्दांवर आपण स्वतः जोडायचा तो जादा पासवर्ड, काहीही चालतो, शब्द, वाक्य, आकडे. आणि त्याला पडताळणी नाही, इथेच लोक फसतात. बारा शब्दांत चूक झाली तर वॉलेट बहुधा ओरडतं, तेराव्यात झाली तर गप्प राहून नवंकोरं रिकामं वॉलेट उघडतं. पहिलं अक्षर कॅपिटल झालं किंवा शेवटी एक स्पेस पडली एवढ्यानेही वॉलेट बदलतं, आणि फोनचे कीबोर्ड या दोन्ही गोष्टी आपणहून करतात.

म्हणून नवीन वॉलेट करताना क्रम असा ठेवा. शब्द ठोकून झाले की वॉलेटचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची ओळखखूण, बघा. आकडे-अक्षरं मिळून आठ खुणा असतात, बऱ्याच वॉलेटांत सेटिंगमध्ये दिसतो. तो पट्टीच्या मागे लिहा. थोडीशीच रक्कम पाठवा. मग वॉलेटचं यंत्र पूर्ण पुसा, हो, पूर्ण. पट्टीवर बघून, आठवणीतून अजिबात नाही, शब्द भरा. फिंगरप्रिंट जुळला आणि ती छोटी रक्कम दिसली की मगच बाकीचं पाठवा. यात तासभर जातो. न तपासलेल्या बॅकअपवर सगळी पुंजी ठेवण्यापेक्षा तो तास द्या, कळकळीने सांगतोय.

शब्द बरोबर आणि तरी शिल्लक शून्य दिसली तर वाट तपासा, म्हणजे शब्दांतून पत्ते काढायची पद्धत, तिला क्रमांक असतो. जुनं वॉलेट ४४ च्या वाटेवर असेल, मग ४९ आली, मग ८४, आता ८६. पत्ता १ ने सुरू होत असेल तर ४४, ३ ने असेल तर बहुधा ४९, 'बीसी१क्यू' असेल तर ८४, 'बीसी१पी' असेल तर ८६. नव्या ॲपने फक्त ८४ बघितली की जुने पैसे दिसत नाहीत.

मोरपीस

बापरे. धन्यवाद. दोनदा वाचावं लागेल.

गवतफुला

आले. चॅटचं.

व्हॉट्सॲपचे संदेश एप्रिल २०१६ पासून सगळ्यांसाठी टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद आहेत, वाटेत कुणी वाचू शकत नाही. पण बॅकअप क्लाउडवर जातो त्याला ते कुलूप आपोआप लागत नाही. २०२१ पासून सोय आहे, चालू तुम्हालाच करायची असते. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे सगळ्यात खाली. पासवर्ड ठेवा किंवा ६४ आकडी किल्ली घ्या. विसरलात आणि फोनही गेला तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही, म्हणून ती किल्ली कागदावर लिहा, आणि तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालू नका (पिंपळपान दादा, तुमची चिठ्ठी आता लक्षात राहणार).

दुसरं, तुम्ही लावलंत पण समोरच्याने लावलं नाही, तर तुमचंच बोलणं त्याच्या उघड्या बॅकअपमध्ये पडून असतं. ग्रुपमध्ये तर कुणाकुणाला सांगणार. जे खरंच नाजूक आहे त्याला आपोआप पुसले जाणारे संदेश लावा.

टेलिग्रामबद्दल फार गैरसमज आहे. तिथलं नेहमीचं चॅट टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतं, ग्रुप तर नसतातच. फक्त 'सीक्रेट चॅट' असतं, ते दोघांतच आणि त्याच फोनवर.

आणि व्हॉट्सॲपवर 'सुरक्षा कोड बदलला' अशी पट्टी येते ती सरकवून देऊ नका. बहुतेक वेळा समोरच्याने फोन बदललेला किंवा ॲप पुन्हा टाकलेलं असतं. पण त्याचा नंबर दुसऱ्याने स्वतःच्या फोनवर चालू केला तरी हीच पट्टी येते. पैशांचं किंवा घरचं काही बोलणार असाल तर आधी साधा फोन लावून आवाज ऐका. समोरासमोर भेटलात तर ६० आकडे जुळवून घ्या, पाच-पाचचे बारा गट असतात, एकाने वाचायचे, दुसऱ्याने बघायचे. महिन्यातून एकदा 'जोडलेली उपकरणं' ही यादीही उघडा. तिथे अनोळखी ब्राउझर दिसला तर कुलूप कितीही भक्कम असो, कुणीतरी आत बसून वाचतंय.

रानवारा

आत्ताच यादी बघितली, जुन्या लॅपटॉपचं नाव होतं. काढलं.

आरसा

बारा शब्दांचा फोटो काढू नका, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गॅलरी आपोआप क्लाउडवर चढते हे एक. दुसरं, २०२५ च्या सुरुवातीला स्पार्ककॅट नावाचं घातकी सॉफ्टवेअर सापडलं, अँड्रॉइड आणि ॲपल दोन्हींच्या अधिकृत दुकानांतल्या ॲपांत. ते गॅलरीची परवानगी मागायचं आणि फोटोंतली अक्षरं वाचून सीड शोधायचं. म्हणून 'सगळे फोटो' ही परवानगी देऊच नका, निवडलेले फोटो एवढीच द्या.

अवांतर: स्क्रीनशॉटमधला नंबर झाकायला फोनमधला मार्कर वापरू नका. तो अर्धपारदर्शक असतो, चारदा फिरवला तरी उजेड वाढवला की खालचं दिसतं. भरीव काळा चौकोन टाका. पीडीएफमध्ये मात्र चौकोनाखाली मजकूर तसाच राहतो, माउसने निवडून कॉपी होतो. त्या पानाचं चित्र करून पाठवा. कापलेल्या फोटोवरही भरवसा नको. पिक्सेल फोनच्या एका दोषाने कापलेला भाग फाइलीतच राहत होता, २०२३ साली उघडकीला आलं. आणि फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलात तर तो कुठे काढला ती जागाही सोबत जाते.

विहीर

ओटीपीच्या ॲपबद्दल. लोक समजतात सहा आकडे महत्त्वाचे. ते दर ३० सेकंदांनी बदलतात, त्यांचं काही नाही. किल्ली आहे ती पहिल्या दिवशी दाखवलेल्या क्यूआर कोडात. तो स्कॅन करताना त्याखालचा लांबलचक मजकूर कागदावर उतरवून घेतलात तर फोन गेला तरी दुसऱ्या फोनवर तेच कोड चालू होतात. त्याचा स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवलात तर आरसा म्हणतात ते होतं.

कोड बरोबर असूनही 'चुकीचा' येत असेल तर फोनचं घड्याळ बघा. हे गणित वेळेवर चालतं, घड्याळ दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे झालं की जुळत नाही. वेळ आपोआप घेण्याचं सेटिंग चालू करा, बस्. जुना फोन विकण्याआधी किल्ल्या नव्यात गेल्या का ते एकेका खात्यात शिरून बघा, नुसतं ॲप उघडलं म्हणून नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते चक्रात. फोन गेला. नवा फोन घेतला, पासवर्ड मॅनेजर उघडायला गेलात, त्याला ओटीपी हवा, ते ॲप गेलेल्या फोनवर. ईमेलवरून करू म्हटलं, तर ईमेलचा पासवर्ड मॅनेजरमध्ये. एका कागदावर प्रत्येक खात्याचं नाव लिहा आणि ते उघडायला काय लागतं त्याकडे बाण काढा. बाण फिरून तिथेच आला की तिथे अडकणार. तो तोडायला एकच गोष्ट कागदावर हवी, पासवर्ड मॅनेजरचे बॅकअप कोड. एकेक कोड एकदाच चालतो, वापरला की खोडा.

एसएमएसवर येणारा ओटीपी हा शेवटचा पर्याय ठेवा. दुसऱ्याने तुमच्या नावाने नवं सिम काढलं की तो ओटीपी त्याच्याकडे जातो. पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये राहणारी किल्ली) मिळत असेल तर ती घ्या. ती साइटच्या नावाला बांधलेली असते, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर चालतच नाही. तुम्ही फसलात तरी ती फसत नाही. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह हे काम करत नाही, ते वाट सुरक्षित आहे एवढंच सांगतं, दुकान चोराचं असू शकतं. क्रोमने ते चिन्ह २०२३ साली काढूनच टाकलं.

सतरंजी

बाण काढले. तीन चक्रं निघाली. आज रात्री हेच काम.

कडीकोयंडा

पाठवताना होणाऱ्या चुका मी लिहितो, कारण त्या परत फिरत नाहीत.

इथेरियम हे बिटकॉइनसारखंच दुसरं जाळं, त्याचा पत्ता म्हणजे शून्य, एक्स आणि पुढे ४० खुणा. सगळे पहिल्या चार आणि शेवटच्या चार बघतात. फसवणारे तेवढंच जुळणारा पत्ता बनवतात. आठ खुणा जुळवायला सरासरी ४२९ कोटी प्रयत्न लागतात, ग्राफिक्स कार्डाला हे काहीच नाही. मग त्या पत्त्यावरून तुमच्या खात्यात शून्य किंवा नगण्य रकमेची नोंद टाकतात. पुढच्या वेळी तुम्ही मागच्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलता, तो त्यांचा असतो. यादीतून पत्ता कधीच कॉपी करायचा नाही. देणाऱ्याकडून ताजा घ्या आणि मधल्याही सात-आठ खुणा जुळवा. कॉम्प्युटरवर कॉपी केलेला पत्ता चिकटवताना बदलणारे व्हायरस आहेत, म्हणून पत्ता हार्डवेअर वॉलेटच्या (किल्ली ठेवणाऱ्या वेगळ्या यंत्राच्या) छोट्या पडद्यावर वाचा. कॉम्प्युटरचा पडदा खोटं दाखवू शकतो.

टेदर (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) पाठवताना जाळं, म्हणजे नेटवर्क, बघा. इथेरियमवरचं वेगळं, ट्रॉनवरचं वेगळं. रिपल, स्टेलर ही नाणी एक्स्चेंजला (नाण्यांच्या बाजाराला) पाठवताना टॅग किंवा मेमो, म्हणजे तुमच्या खात्याची खूण, राहिली तर रक्कम त्यांच्या सामायिक खात्यात पडते, कुणाची ते त्यांना कळत नाही.

एखादी साइट वॉलेटमधलं टोकन (नाणं) वापरायची परवानगी मागते, तिथे 'अप्रूव्ह' हे बटण दाबताना रक्कम वाचा. बऱ्याच ठिकाणी ती अमर्याद भरलेली असते, म्हणजे त्या साइटचं कॉन्ट्रॅक्ट (साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्राम) ते टोकन कधीही, कितीही उचलू शकतं. साइटपासून वॉलेट 'डिस्कनेक्ट' केलं म्हणून ती परवानगी जात नाही, ती वेगळी रद्द करावी लागते आणि त्याची फी पडते. काही टोकनांत तर नुसत्या सहीवर परवानगी जाते, फी लागत नाही म्हणून माणूस बेसावध असतो. सीडच फुटलं असेल तर रद्द करत बसू नका, नवं वॉलेट करून सगळं हलवा.

मोरपीस

बिटकॉइन तर एनक्रिप्टेडच असतं ना? मग कोण काय बघणार?

उंबरठा

मोरपीस, नाही. हा फार पसरलेला समज आहे. व्यवहारांची वही, म्हणजे ब्लॉकची साखळी, पूर्ण उघडी आहे, जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून प्रत्येक व्यवहार कुणीही वाचू शकतो. किल्लीने मजकूर लपत नाही, सही होते. नाव लिहिलेलं नसतं एवढंच, आणि एकदा एका पत्त्याला नाव चिकटलं की मागचं-पुढचं सगळं दिसतं. एक्सपब कुणाला दिलात तर झालेले आणि होणारे सगळे पत्ते दिलेत.

टिपूर

बिटकॉइन पाठवायची फी कमी कशी ठेवायची ते सांगतो. फी रकमेवर नसते, व्यवहाराच्या आकारमानावर असते. एक आवक, दोन जावक असा साधा व्यवहार १४१ व्हर्च्युअल बाइट (हे आकारमानाचं माप). पुढची प्रत्येक आवक ६८ ची. तीस वेळा थोडं थोडं घेतलं असेल आणि एकदम पाठवायचं असेल तर दोन हजारांच्या वर जातं, म्हणजे जवळपास पंधरा पट फी. म्हणून गर्दी नसताना, दर उतरलेला असताना, ते स्वतःलाच पाठवून एकत्र करून ठेवा.

अडकलेला व्यवहार गेला असं समजू नका. फी वाढवून पुन्हा पाठवायची सोय चालू असेल तर वाढवा. नाहीतर थांबा, बिटकॉइन कोअर या मुख्य सॉफ्टवेअरच्या मूळ मांडणीत १४ दिवसांनी तो रांगेतून गळतो.

उंबरठा

टिपूर, एकत्र करण्याबद्दल थोडा विरोध. तीस पत्ते एका व्यवहारात आले की ते एकाच माणसाचे हे जगाला कळतं. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतोच्या २००८ च्या मूळ लेखातच ही कमतरता मान्य केली आहे. पगाराचे वेगळे आणि देणगीचे वेगळे असे गट करून आपापल्यात एकत्र करा, सरमिसळ नको.

टिपूर

मान्य. खुणेचं लेबल घेतानाच लावलं तर हे जमतं, नंतर नाही.

जुनी वही

हे वाचून संकेतशास्त्रज्ञ डेव्हिड चॉमची आठवण होते. १९८२ सालीच त्यांनी आंधळ्या सहीची कल्पना मांडली. कार्बन लावलेल्या पाकिटात चिठ्ठी घालायची, बँक पाकीट न उघडता वरून सही करते, कार्बनमधून ती आतल्या चिठ्ठीवर उमटते. पुढे चिठ्ठी बाहेर काढून खर्च केली की बँक आपली सही ओळखते, पण कुणाला दिली होती हे तिलाही सांगता येत नाही. डिजिटल पैसा आणि खासगीपणा एकत्र जमतो हे तेव्हाच दाखवून झालं होतं. त्यांची डिजीकॅश कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. कल्पना आजही तेवढीच देखणी वाटते.

गवतफुला

किती सोपं करून सांगितलंत काका. लेकीला वाचून दाखवलं, तिने लगेच पाकीट आणि कार्बन मागितला.

निवळी

नात्यातल्या एकांचे पैसे गेले. आता एकजण 'काढून देतो, आधी थोडी फी भरा' म्हणतोय. साखळीत सगळं दिसतं म्हणजे परत येऊ शकतं का?

कडीकोयंडा

निवळीताई, वाईट वाटलं वाचून. फी भरू देऊ नका. ज्यांचे गेले त्यांच्या याद्या विकल्या जातात आणि दुसरी टोळी मदतीच्या रूपाने येते. दिसणं आणि परत आणणं यांत फरक आहे. पैसे आता ज्या पत्त्यावर आहेत त्याची सही करणारी किल्ली चोरांकडे आहे, ती कुणालाही बाहेरून बनवता येत नाही. करण्यासारखं एवढंच: व्यवहारांचे क्रमांक, पत्ते, वेळ, चॅट सगळं जपून ठेवा, पोलिसांकडे तक्रार द्या, आणि पैसे एखाद्या एक्स्चेंजवर पोचलेले दिसत असतील तर त्यांना ताबडतोब कळवा, ते खातं गोठवू शकतात. तिथे तास मोजले जातात. आणि त्या नातेवाइकांना दोष देऊ नका, आधीच स्वतःला देत असतील.

निवळी

आभार. आजच बोलते त्यांच्याशी.

लोखंडी पाटी

घरच्यांसाठी एक पत्र लिहून ठेवा सगळ्यांनी. त्यात शब्द नकोत. काय आहे, कुठल्या वॉलेटमध्ये, पत्ते कशाने सुरू होतात, तेरावा शब्द आहे की नाही (आहे एवढंच, तो काय ते नाही), पट्टी कुठे, आणि 'घाई करू नका, मदत करतो म्हणणाऱ्या कुणालाही शब्द दाखवू नका'. लॅपटॉपला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी किल्ली कुठे आहे तेही. बायोस (लॅपटॉप सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट झालं की बऱ्याचदा नेमकी तीच विचारतो.

सुटं पान

पाटी, पंच किती मिमीचा घेता? आणि अक्षरं ठोकता की टिंबं?

लोखंडी पाटी

टिंबं. आडव्या २६ अक्षरांची चौकट आधी खिळ्याने ओरखडून घ्यायची, मग त्या त्या घरात एक टिंब. अक्षरांचे साचे वाकडे बसतात, टिंब चुकत नाही. पंचाचं टोक ३ मिमीपर्यंत चालेल, जाड नको.

पिंपळपान

पट्टी झाली. ठोकताना तिसऱ्या ओळीत एक टिंब शेजारच्या घरात पडलं होतं, त्यावर चौकोन ओरखडून रद्द केलं. फिंगरप्रिंट लिहून घेतला, यंत्र पुसलं, पट्टीवरून शब्द भरले. फिंगरप्रिंट जुळला. सातवा शब्द 'कार्ट' होता. हातोडा शेजाऱ्यांचा आहे, देऊन येतो.